उचगावचे चार गुंठे

पिराजी : ...म्हणून म्हणतोय क्रांते, सगळा कागद वाचत बसू नकोस. वकिलानं वाचलाय, मी वाचलाय. थोरला भाऊ हाय मी तुझा. उद्या अकराला रजिस्टर ऑफिसात नंबर लावलाय, आधार कार्ड घेऊन ये, तू फकस्त सही कर.

क्रांती : बघू तर दे, दादा. हक्कसोडपत्र म्हंजे कुणाची जागा, कुणी सोडायची.

पिराजी : कुणाची म्हंजे? आपल्या तानाबाई आत्याची! उचगावची चार गुंठं. देवमाणूस गेली बघ. जाताना मृत्युपत्र करून गेली. भावाच्या दोन्ही लेकरांना सारखं. वकिलाचा फोन आला तवा आम्हाला कळलं, तिच्या नावावर काय हाय म्हणून.

क्रांती : आणि ती गेली हे कवा कळलं?

पिराजी : त्याच फोनवर.

संयोगिता : अहो, त्याच फोनवर काय म्हणतासा! वन्सं, तुम्ही चहा घ्या. गुळाचा केलाय, तुम्हाला आवडतोय म्हणून. ह्यांना लई लागलं हो. दिवसभर जेवलं न्हाईत.

क्रांती : दिवसभर?

संयोगिता : म्हंजे, सकाळचं.

पिराजी : ते ऱ्हाऊ दे. मी सगळं ठरवलंय. जागा हायवेला लागून हाय, गिऱ्हाईक दारात हुबं हाय. इकून टाकायची. त्यातनं पयलं काम, आत्याच्या नावानं चौकात कमान. 'कैलासवासी तानाबाई प्रवेशद्वार'! दगडी. वर दोन हत्ती.

क्रांती : आत्या म्हशी राखायची, दादा. दुधाचं रतीब घालून घेतली ती जागा.

पिराजी : म्हशी शोभत न्हाईत कमानीवर! दुसरं, राजवर्धनला गाडी. पोरगं वॉर्डातनं हुबारणार हाय, मोटरसायकलवरनं कोण मत देतंय? मागच्या काचंवर मोठ्या अक्षरात, 'आत्याची पुण्याई'.

संयोगिता : आणि ओटा, कपाटं, सगळं सैपाकघर नवं.

पिराजी : ते आत्याच्या स्मरणार्थ न्हाय. ते आपलं असंच.

क्रांती : आणि मला?

पिराजी : आता इचारलंस! तुला पैठणी. संयोगिता, काढ की भाईर, लपवून काय ठेवतीस?

संयोगिता : ह्यो पदर बघा वन्सं. मोर किती गोड काढल्यात.

क्रांती : आण्णा गेल्यावर बापाच्या शेताचा हक्क सोडायची सही केली तवा मिक्सर दिल्तासा.

पिराजी : चालतोय न्हवं अजून?

क्रांती : चटणीचं भांडं तेवढं चालतंय.

पिराजी : तुझं हे असंच! कुठलं काय काढशील पत्त्या न्हाय. आम्ही आत्यासाठी काय कमी केलं? चौकात वीस फुटी बोर्ड मारलाय. बघितलास का न्हाय?

क्रांती : रिक्षातनं उतरल्या उतरल्या बघितला. राजवर्धन मधोमध, गॉगल घालून. खाली चाळीस पोरं, निम्मी मोबाईल कानाला लावून दुःख करत्यात. आत्या वर कोपऱ्यात हाय, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

पिराजी : फोटो गावायलाच किती तरास झाला तुला काय म्हाईत! तुझ्या लग्नाच्या आल्बमातनं हुडकून कापला पोरांनी.

क्रांती : दादा, ती आत्या न्हाय.

पिराजी : आं?

क्रांती : चिमणाबाई हाय ती. खालच्या गल्लीतली. माझ्या लग्नात भाकऱ्या थापायला आल्ती.

संयोगिता : अगं बया! म्हणून सकाळी दारात आल्त्या व्हय! "मी तुझं काय वाकडं केलतं गं संयोगिता," म्हणत्यात. मला वाटलं भिशीचं काय बोलत्यात. बोर्डावरचा फोटो बघून कागलचं पावणं त्यांच्या घरी रडत आलं म्हणं, नारळ घेऊन. दार चिमणाबाईंनीच उघडलं. एक पावणा जागच्या जागी आडवा झाला.

पिराजी : आणि तू मला आत्ता सांगतीस?

संयोगिता : तुम्ही शोकात हुतासा न्हवं.

पिराजी : बरं, एखाद-दुसरी चूक हुतीच की मानसाकडनं. तीस वरसं तोंड न्हाय बघितलेलं, कसं वळखायचं? तू तर लई वळखतीस!

क्रांती : वळखतो की. हे गेल्यापासनं दर रविवारी वडगावातनं येष्टी धरून जात हुतो तिच्याकडं. माझ्या लग्नाला ती आलीच न्हवती, दादा. बोलवलीच न्हवती. आल्बमात कुठनं असंल?

पिराजी : तू जात हुतीस? आणि एका शब्दानं बोलली न्हाईस!

क्रांती : ती गेली त्या दिवशी चारदा फोन केला तुला.

पिराजी : ...मिटिंगीत असंन.

क्रांती : असशील. शेजारच्या नजीराभाबीनं आंघोळ घालाय मदत केली. खांद्याला मानूस कमी पडलं, तर निसारभाई गॅरेज बंद करून आले. हात धुतलं आणि खांदा दिला. त्यांचं नाव न्हाय तुझ्या बोर्डावर.

पिराजी : घालतो की! एवढंच न्हवं? पुढच्या बोर्डावर घालतो. तू सही कर.

क्रांती : न्हाय करायची.

संयोगिता : वन्सं, असं एकदम...

क्रांती : वैनी, घरमालकानं मला खोली सोडायला दिवाळीपत्तुर मुदत दिलीय. दादाला गेल्या दिवाळीला सांगितलतं. बघू म्हणाला.

पिराजी : मग बघतोयच की!

क्रांती : माझं मी बघितलं. चारातली दोन गुंठं माझी. आत्याच्या दोन खोल्यातली एक माझी. मी तिथं ऱ्हायला जाणार हाय. तुझ्या दोन गुंठ्यावर तू हत्ती बसीव, न्हायतर हत्तीण.

पिराजी : दोन गुंठ्याला गिऱ्हाईक न्हाय गं! रस्त्याच्या तोंडाला तुझी खोली आल्यावर कोण घेतंय? पोराचं सगळं आयुष्य हाय ह्याच्यात. लोकांत सांगून बसलोय मी!

क्रांती : जागा नावावर व्हायच्या आधी?

पिराजी : तू सही करशीलच म्हणून! आजवर कवा न्हाय म्हणालीस? बरं, मग माझंबी ऐक. सही न्हाय, तर ह्या घरचा उंबरा तुला बंद. भाऊबीजेला यायचं न्हाय. माहेर तुटलं समज.

क्रांती : हेच म्हणणार तू, म्हाईत हुतं मला. भ्या वाटत न्हाय असं वाटतंय व्हय तुला? दोन दिस झालं, रडून रडून डोळं सुजल्यात. आई गेली, आण्णा गेले, हे गेले. दिवाळीला जायला हे एकच दार हाय मला. तुझ्या दारातनं चहासुदीक न पिता माघारी फिरायचं कसं, हेच कळत न्हवतं.

पिराजी : मग कर की सही!

क्रांती : आत्यानंबी केलती, दादा. माहेर ऱ्हावं म्हणून. आण्णांनी हिरवी साडी दिली, आत्यानं आपल्या वाट्याचं सगळं शेत दिलं. मग नवऱ्यानं टाकली तवा आली ह्याच घरात. आठ दिस ठेवली. नवव्या दिवशी आण्णांनी तिची ट्रंक कट्ट्यावर आणून ठेवली. सही करूनबी माहेर तुटलंच की तिचं. इतकं तुटलं, की तुम्हाला तिचं तोंड ठावं न्हाय.

पिराजी : आण्णांचं आण्णांपाशी. मी तसा हाय का?

क्रांती : मी खोली मागतोय, तू साडी देतोयस.

पिराजी : थांब, राजवर्धनच्या दोस्ताचा फोन हाय... हां, बोल रे आदर्श. काय? ...कोण बसलंय? ...खुर्ची टाकून? बोर्डाखाली? ...आणि हार कुणी घातला त्यांना? ...फोटो काढाय लागल्यात? आरं काढू देऊ नका! चहा पाजा त्यास्नी, काकी म्हणा, मावशी म्हणा, पाया पडा! आलो, आलो!

(पिराजी एक चप्पल पायात, एक हातात, असा जिना उतरतो. कागद, पेन आणि पैठणी जिथल्या तिथं.)

संयोगिता : चिमणाबाईच असणार. आता दुपारपत्तुर काय उठत न्हाईत. वन्सं, चहा गार झाला. दुसरा ठेवतो.

क्रांती : नको, वैनी. निघतो मी. तुम्हाला वाईट वाटलं असंल. सैपाकघर ऱ्हायलं.

संयोगिता : जुनंच बरं हाय. ...वन्सं, एक इचारू? न्हाय म्हणायचं ते लिहून द्याय लागतंय काय?

क्रांती : न्हाय. तोंडानं म्हटलं की झालं. का हो?

संयोगिता : न्हाय, असंच.

क्रांती : वैनी.

संयोगिता : ह्या रविवारी माझ्या भावानं बोलावलंय. हातकणंगल्याला. ताई, किती दिस झालं, जेवायला ये म्हणाला. आधार कार्ड घेऊन ये म्हणाला.

क्रांती : रविवारी मला सुट्टीच असतीय. येतो की तुमच्यासंगं.