गोड्या विहिरीची चावी

…आणि वर मलाच म्हणतात, "कार्मेलिनाबाय, गाऱ्हाण्यात मधी बोला नये!" अहो, कसलं गाऱ्हाणं? देवळात बसलो होतो का आपण? ग्रामसभा होती ती, ग्रामसभा! सव्वीस जानेवारीची! झेंडावंदन झालेलं, शाळेच्या पडवीत सतरंजी अंथरलेली, हाताला जिलबीचा पाक… आणि त्या चिकट हातांनी आम्ही आमची विहीर देऊन टाकली. कोणी लुटली नाही, कोणी फसवलं नाही. दिली! "व्हय म्हाराजा" म्हणून दिली!

तुम्ही बाहेरची माणसं, तुम्हाला सांगते. आमच्या मालवणी मुलखात लग्न असो, नाटक असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, आधी जाणत्या माणसानं देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला मान डोलावून म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आता आम्ही ख्रिस्तांव, आमचं आमेन वेगळं, पण शेजारधर्म म्हणून आम्हीही म्हणतो. म्हणायला काय जातं? आणि देवापुढं ते ठीकच आहे हो. देव काही निवडणुकीला उभा राहत नाही.

आणि विहीर तरी कसली! आमची वाडी समुद्राला टेकलेली, एप्रिल लागला की घरोघरच्या विहिरी खारट, चहा करा नाहीतर पेज करा, सगळं खारट. गोडं पाणी एकाच विहिरीला, पिंपळाखालच्या. माझा बाप्तिस्मा त्या पाण्यानं झाला आणि शेजारच्या तुळसाकाकीची हळदही त्याच पाण्यानं उतरली. आता बोला!

तर सरपंच आमचा परशुराम. माणूस बरो आसा. हे मी नाही म्हणत, अख्खी वाडी म्हणते. कोणाची म्हैस अडली, कोणाचा रेशनचा घोळ झाला, की परशुराम हजर. मी मतसुद्धा त्यालाच दिलं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नाकातून ठराव वाचला, "सदर विहिरीबाबतचे सर्व अधिकार माननीय सरपंच यांना देण्यात येत असून यापुढे ग्रामसभेची पुनश्च मान्यता घेण्याची आवश्यकता राहणार नाही…" कोणाला काय कळलं? कोणालाच नाही! तेव्हा परशुराम उठला. त्याचा बाप गाऱ्हाणं घालायचा, तोच खणखणीत आवाज लेकाला आलाय. हात जोडले आणि, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हयसर जमली आसत…"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या बावीचो कारभार एका हातात नीट चलांदे…"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या कामात कोणाची आडकाठी येव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

संपलं! भाऊसाहेबांनी लिहिलं, 'एकमताने मंजूर'. आमचा बाबुश, माझा नवरा हो, तो तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. चर्चमध्ये ह्याचं आमेन मला शेजारी बसून ऐकू येत नाही!

मी म्हटलं, "थांब रे परशुरामा! 'पुनश्च मान्यता नको' म्हणजे काय? मागसून आमका काय विचारूचा आसला तर?" तर तुळसाकाकीनं मला चिमटा काढला, "मधी बोला नये गो, अपशकून होता!" आणि परशुरामानं काय करावं? डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "कार्मेलिनाबाय, माझ्यार विश्वास नाय?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं ह्याला? चांगल्या माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणणारी जीभ देवानं मला दिली नाही हो. खाली बसले.

एप्रिलात कळशी घेऊन गेले तर विहिरीवर लोखंडी जाळी. जाळीला कुलूप. आत पंप, आणि पंपाचा पाइप पिंपळाला वळसा घालून वर टेकडीवर, त्या नव्या हॉटेलाच्या पोहायच्या टाकीत! पाहुणे डुंबतायत आमच्या पिण्याच्या पाण्यात! परशुरामाला गाठला, तर म्हणतो, "दोन म्हयन्यांचो प्रश्न आसा, बाय. ते हॉटेलवाले समाजमंदिराक फरशी घालून दितले. मी गावासाठीच केलंय मगे!" आणि खरंच हो, गावासाठीच केलं. स्वतः एक पैसा खाल्ला नाही. खाल्ला असता तर भांडायला किती सोपं गेलं असतं!

रोज सकाळी तासभर कुलूप उघडायचं ठरलं होतं. पण परशुराम कधी ओरोसला जिल्ह्याच्या मीटिंगला, कधी कोणाच्या मयताला, आणि चावी त्याच्या खिशात. त्या दिवशीही तसंच. तुळसाकाकीचा मुलगा ओमकार पुण्याला, घरात ती एकटी. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि हंडा घेऊन खाली व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, उतरली. सत्तरी उलटलेली बाई. शेवाळावरून घसरली. हाक कोणाला ऐकू जाणार? गुरं आणायला गेलेल्या महादूला ती दिसली, तेव्हा ऊन उतरलं होतं. वेंगुर्ल्याला नेऊन हाताला प्लास्टर घातलं. मी उशाशी बसले होते, तर मला काय म्हणते? "परशुरामाक काय बोला नको गो. माणूस बरो आसा. माझोच पाय घसारलो."

रडले मी. तिथंच रडले. मोडलेला हात गळ्यात बांधून बाई त्याची बाजू घेतेय! आणि तिचं चुकलं कुठं? माणूस बराच होता. पण बऱ्या माणसालासुद्धा विचारायचं असतं, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

एक मेला ग्रामसभा. मी पुढं जाऊन उभी राहिले. बाबुश मागून पदर ओढतोय, "आगो, बस मगे!" म्हटलं, आज नाही. "परशुरामा, हो माझो बाबुश. ह्याच्याइतको बरो माणूस मी बघूक नाय. जीव टाकतंय मी ह्याच्यार. पण फेणीच्या कपाटाची चावी माझ्याकडे आसा!" सगळी सभा हसली. "हसा नको! माणूस बरो आसा म्हणान चावी देव नये. चावी चार जणांत ठेवा, आणि पाणी खंय गेला ता दर ग्रामसभेत सांगा!"

परशुराम मान खाली घालून उभा. मग त्यानं खिशातून चावी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हटलं ना, माणूस बरा आहे. म्हणाला, "चुकला माझा. घेवा. पुढे येवा चार जण."

आणि चार जण…? एकाची आंब्याची पेटी भरायची, एकाची होडी लागायची, एकाच्या घरी पाहुणे! महादूला एकाएकी खोकला आला! शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "कार्मेलिनाबायकच देवा! बाई बरी आसा!" आणि भाऊसाहेबांनी पेन उघडलं, "सदर विहिरीबाबतचे सर्व अधिकार श्रीमती कार्मेलिना यांना देण्यात येत असून, पुनश्च मान्यता घेण्याची…"

मी ओरडले, "अरे, थांबा! माका चावी दितास, पण माझ्यार नजर कोण ठेवतला?"

आणि प्लास्टरातला हात वर करून सगळ्यांच्या आधी तुळसाकाकी, आणि मागोमाग अख्खी वाडी…

"व्हय म्हाराजा!"