एच फाइल कुठाय?

अरे, परवाची गंमत ऐका! मच्छीमार सोसायटीत अकरा वाजता माझा भरती-ओहोटीचा प्रोग्राम दाखवायचा होता, आणि नव्या लिनक्स लॅपटॉपवर त्याला लागणारी तयार कोडची एक लायब्ररी कंपाइलच होईना. सारखं एकच, 'पायथन डॉट एच सापडत नाही.' मी दोनदा पायथन, म्हणजे ती अजगराच्या नावाची कॉम्प्युटरची भाषा, परत टाकला.

बाबांचं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. मागून वाचत म्हणाले, "अगो, तो पायथन मागत नाहीये, एच फाइल मागतोय. ती वेगळी मिळत असेल."

खरंच! एच म्हणजे हेडर, त्या फाइलींचं वेगळं पॅकेज टाकलं आणि साडेदहाला लायब्ररी कंपाइल झाली!

मी अशी किंचाळले, की शेजारच्या काकू धावत आल्या. "काय गो, साप निघाला काय?"

बाबा म्हणाले, "निघाला नाय वहिनी, बसला एकदाचा!"