खिडकीकडचा गाल

नाही साहेब, तपासणी करा, मलमाचे डबे उघडून हुंगा, पण लेबलावरचा 'कवच' हा शब्द काही मी खोडणार नाही — बसा ना, स्टूल डुगडुगतं पण पाडत नाही कुणाला — तक्रार आलीय म्हणता, कुणी केली तेही ठाऊक आहे मला. दुसरं कोण, माझी जाऊ. टोलनाक्यावर माझ्याच जुन्या खिडकीत बसते ती. दिवसभर ट्रकचा धूर येतो तो एकाच बाजूने, म्हणून तिथल्या आम्ही सगळ्या हेच मलम लावायचो तेही एकाच गालाला, खिडकीकडच्या. दुसरा आपला माहेरी आल्यासारखा निवांत. हसताय? हसा. पण हा गाल जवळून बघा, वर्षानुवर्षं धूर खाल्लेला — दिसतो काही फरक? नाही ना. कोरफड, ज्येष्ठमध, हिरव्या चहाचा अर्क, झालं. धूर अडतो असं मी कुठे म्हटलंय? नाकाला फडकं बांधायचंच, ते प्रत्येकीला बजावते. काजळी मलमावर बसते, घरी गेलं की मलमासकट धुऊन टाकायची. आणि हिने काय केलं? रात्री तसंच तोंड घेऊन झोपली, सकाळी वर दुसरा थर, असं आठवडाभर — मग उठणारच की पुरळ. वर मलाच विचारते, कवच आहे ना, मग काढायचं कशाला? अहो, कवच घालून झोपतं का कुणी? लढाईवरून आलं की उतरवूनच ठेवतात. शब्द चोख आहे माझा. हवं तर खाली 'घरी आल्यावर उतरवा' असं छापते. आणि स्वच्छतेचं म्हणाल तर या खुराड्यात मी काहीच करत नाही, सगळं घरी, माझ्या स्वतःच्या ओट्यावर, माशीसुद्धा विचारून बसते तिथे — काय लिहिताय? घरी, हो. परवाना या दुकानाच्या पत्त्यावर आहे, तेही खरं. कुणी विचारलं नव्हतं, मीच बोलले. मग लिहा की. डबे न्या, सील लावा, ओटाही बघून जा. घरच्या पत्त्याचा परवाना काढीन, तुमच्याच कचेरीत रांगेत उभी राहीन, आणि नव्या डब्यावरही 'कवच'च छापीन, याहून ठळक. आता सरका जरा बाजूला, नाक्यावरची पाळी सुटलीय, तुमच्यामागे बायका खोळंबल्यात — आणि त्यांना माल का मिळत नाही, ते तुम्हीच सांगा.