आधी गार पाणी

हॅलो?… हां, बोल ठमे… नाही गं, घरी नाही, कारखान्यात आहे… अगं ऐक ना. तुझ्याकडे येतो म्हणालो होतो, हो. आज नाही जमत.

जेवलो… काय जेवलो ते विचारू नकोस.

काय?… पंपाचा आवाज आहे तो. जरा मोठ्याने बोल.

हो, तुझ्या आईचंच यंत्र. तीन वाजता काढायचं म्हणतात साहेब. गाळायचा पडदा तुंबलाय, आंबवणातलं अल्कोहोल पलीकडे पुरेसं येतच नाही, पुन्हा जुन्या भट्टीवर जाऊ म्हणे… सहा वर्षं राबली गं ती यावर.

छे, पडदा खराब नाही. मी तुंबवला… मी, मी! ती गेल्यापासून पडदा धुण्याचं काम माझ्याकडे आहे ना? मला वाटलं, यीस्टचा गाळ चिकटलाय, तर घाला कढत पाणी. दीड महिना, रोज.

कसं कळलं? हसशील. सकाळी अंडं फेटलं, त्या वाटीत उकळतं पाणी ओतलं. अंडं शिजून बसलं वाटीला. घासून घासून हात दुखले, तेव्हा आठवलं… 'आधी गार पाणी, किती वेळा सांगू!'… हो, तुलाही ओरडायची. यीस्टचंही तेच गं. मी रोज शिजवून पडद्यावर थापत होतो.

हो, हो… आठपासून तेच चाललंय. उलट्या बाजूने गार पाणी, मग तिच्या कपाटातला एन्झाइमचा साबण, कोमट पाण्यात. पुन्हा गार. सकाळी ताशी नऊ लिटर येत होतं, आता चोवीस. तीस लागतात.

अडीच वाजलेत… नाही, पाय नाही दुखत… बरं, दुखतात.

…माहीत आहे मला, याने ती परत येणार नाही. खुळा नाही मी. पण बिघडवलं मी, आणि लोक म्हणणार बाईंचं यंत्रच कुचकामी. ते नाही मी ऐकून घेणार.

रडू नकोस गं… मी कुठे रडतोय?

थांब, साहेब आले. फिटरही आलाय, पाने घेऊन… सव्वीस. तीस नाही झाले. नसू देत.

साहेब, त्याला पाने खाली ठेवायला सांगा. आधी माझं ऐका. पडद्याचा दोष नाही, चूक माझी आहे. शुक्रवारपर्यंत हात लावू नका याला…

ठमे, अजून आहेस? ठेवतो. शनिवारी येतो तुझ्याकडे… नाही, ते अजून काहीच बोलले नाहीत. मी बोललोय.