हिरवा ठिपका

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मास्तर बायकोच्या रिपोर्टची वाट बघत बसले होते. शेजारी एक दीर आणि त्याची भावजय मोबाइलवर वाकली होती.

"वहिनी, दादाचा ऑफिसातला कॉम्प्युटर आता तुमच्या मोबाइलवर दिसेल. पासवर्ड सांगा."

"लेकीचं नाव, पुढे तिचं जन्मसाल."

"लागला. पण लॅपटॉपवर हे होतंच की."

"लॅपटॉप उघडला की सिस्टर ओरडतात, भावोजी. साध्या वॉर्डात होते तोवर हे स्वतःच त्यावर काम करायचे. शुद्ध हरपल्यापासून मीच स्क्रीनवरचा माउसचा बाण हलवत असते."

"तुम्ही? आणि ऑफिसला पत्ता नाही?"

"बाण हलला की ह्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो, हजेरी लागते. हजेरी आहे तोवर ऑफिसचा विमा आहे, आणि विमा आहे तोवर आतलं ते मशीन चालू आहे."

"कुणी काही विचारलं तर?"

"साहेब विचारतात. मी लिहिते, बघतो, करतो. हे लिहायचे तसंच."

मास्तरांनी मघापासून वर्तमानपत्राचं पान उलटलं नव्हतं.

काचेचं दार उघडलं. "सात नंबरच्या पेशंटचं कोण आहे? डॉक्टरांनी लगेच आत बोलावलंय."

"वहिनी, चला."

"थांबा जरा. साहेबांचा मेसेज आलाय."

"आत्ता काय हवंय त्यांना?"

"उद्या लवकर कामाला बसाल का, विचारतायत."

"वहिनी, ठेवा तो फोन. सिस्टर दार धरून उभ्या आहेत."

"आलेच. एवढं लिहू द्या."

"काय लिहिलंत?"

"बसतो म्हणून."