भैय्याजीचा नेम

...अन् वरून सारे मलेच म्हनते, विनोद, कॅमेरा बदल! अरे, कॅमेऱ्यानं काय केलं बिचाऱ्यानं? तुमाले सांगतो, पांढुर्ण्यात इतकी वर्सं स्टुडिओ चालवून राहिलो, बारशापासून साठीपर्यंत सारं काढलं, पन डिंपलच्या लग्नात जसा भ्यालो तसा कधी भ्यालो नाई. काहून? भैय्याजी! डिंपलचे मामा. आमच्या इथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, नदीच्या इकडून गोटे, तिकडून गोटे, त्यात भैय्याजी काठावर आले का पलीकडचे लोक आपोआप मागं सरकत. आता गुडघे गेले. हात शाबूत आहे. भैय्याजीचा नेम चुकत नाई.

तर लग्नाच्या फोटोचं ठरवाले मले वावरात बोलावलं. मामा-भाची आंब्याखाली बसले होते. मले म्हनते, "विनोद, डिंपलले बाप नाई. मीच मामा अन् मीच बाप. फोटो झकास पाहिजेत." मी म्हटलं, हो भैय्याजी. "ते कैरी दिसून राहिली?" मी मान वर करून पाहून राहिलो, कोनती, कोनती... तं सूं सूं गोटे गेले अन् दोन कैऱ्या माह्या पायापाशी, टप, टप! "झकास म्हनजे झकास," म्हनते. मी घरी येऊन दोन गिलास पानी पेलो.

लग्न होतं सौंसर गावाले. आता मंगलाष्टकात नवरीच्या मागं मामा उभा राहते, रिवाजच आहे, पन तुमीच सांगा, समोर डिंपल लाजून राहिली अन् तिच्या खांद्यावरून भैय्याजी माह्याकडं पाहून राहिले, एकटक, जशी मीच ते कैरी... मानसानं करावं काय? माहा डोया कॅमेऱ्यात, जीव भैय्याजीच्या हातात. वरमाला झाली, सप्तपदी झाली, पंगत झाली. जिथं डिंपल तिथं भैय्याजी, अन् मी आपला दाबून राहिलो बटन, दाबून राहिलो.

घरी येऊन कम्प्युटरवर पाहतो, तं डिंपल धुकट! दुसरा फोटो, धुकट. तिसरा... नवरीचं नाक कुठी संपते अन् गाल कुठून सुरू होते, समजेना. नवरदेव तं वाफेतल्या इडलीसारखा. लेन्सवर हळद उडाली असंल म्हून पुसली, ते आधीच साफ. हात हालला म्हनावं, तं शटर तेज ठेवलं होतं. तिपाईवर कॅमेरा लावला, भिंतीले पेपर चिटकवला अन् फोटो काढला, तं मंडीभावाची बारीक अक्षरं मोत्यासारखी! मंग गाडीत बसून नागपूरले गेलो, कॅमेरेवाल्याले दाखवला. तो म्हनते, "कॅमेरा चंगा आहे, भाऊ. जिथं पाहा म्हनता तिथंच पाहून राहिला." मले त्याच्या दुकानातच रडू आलं. आता भैय्याजीले काय सांगू? अन् किती लांबून सांगू? भैय्याजीचा नेम चुकत नाई ना!

घरी आलो तं बायको, विजया, कम्प्युटरपुढं बसून हासून राहिली. "अहो, नवरीले सोडा, तिच्या मागं पाहा." पाह्यलं. भैय्याजी! मिशीचा एकेक केस मोजून घ्या. दुसरा फोटो, भैय्याजी. पंगतीत पन भैय्याजी, हातातल्या बुंदीचा दाना दाना साफ. म्हनजे मी भेवानं ज्याच्याकडं पाहून राहिलो, फोकसचा चौकोन बी त्याच्यावरच! अन् पाठवनीचा फोटो पाह्यला अन् मी खालीच बसलो. डिंपल धुकट, गाडी धुकट, अन् दूर खांबाआड भैय्याजी रडून राहिले. गालावरचा आसू बी लख्ख. भैय्याजीले रडताना गावात कोनी पाह्यलं नाई, अन् पुरावा माह्या घरात!

टाळू टाळू किती टाळनार? आखाडात अल्बम घेऊन गेलोच. भैय्याजी एकेक पान पलटून राहिले, मी एकेक पाऊल दाराकडं. पाठवनीच्या पानावर थांबले. मले वाटलं, आता गोटा धुंडून राहिले. तं हळूच म्हनते, "विनोद, लय भाच्या उजवल्या म्या. दर लग्नात मामा मागंच उभा. अल्बम आला का पाहावं, तं मामाचा कान, नाईतर कोपर. मी दिसलो असा अल्बम देनारा तू पहिलाच." अन् डोये पुसले. वरून दुसऱ्या भाचीच्या, केतकीच्या लग्नाचं कामही मलेच देलं. मी घरी शिटी वाजवत आलो. म्हटलं, विनोद, वाचलास.

काल फोन आला. डिंपल. "विनोदभाऊ, अल्बम पाह्यला. माह्या लग्नात मी कुठी आहो?" मी म्हटलं, बाई, मामाले लय आवडला. "मामाले आवडंलच. मी पोळ्याले माहेरी येऊन राहिली, मंग बोलू."

आता तुमी म्हनसान, पोरीले काय भ्यायचं? बाप्पा, त्या दिवशी आंब्याखाली दोन कैऱ्या पडल्या होत्या ना... भैय्याजीनं एकच पाडली होती.