नीट गुंडाळलेली दोरी

घर आवरण्यात माझा हात आजही कुणी धरू शकत नाही. पण आवरण्याच्या नादात एकदा मी समुद्रच खोल केला होता!

नुकतंच लग्न होऊन मी तळा गावाहून समुद्रकाठच्या थळला आले होते. सासरे, म्हणजे आबा, होडीचे तांडेल. पडवीत खुंटीला एक लांब दोरी दिसली, अंगभर गाठी. मी बसून सगळ्या गाठी सोडवल्या आणि दोरीची सुरेख गुंडाळी करून ठेवली.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगो, त्या गाठींनी पानी किती खोल ते मोजतान! दोन हात पसरले की एक वाव, तेवढ्यावर एक गाठ."

"एवढंच ना?" म्हटलं, आणि आबा यायच्या आत हात पसरून पसरून सगळ्या गाठी परत बांधल्या.

दुसऱ्या दिवशी आबा समुद्रावरून आले ते थेट माझ्यासमोर. "सूनबाय, बंदराच्या तोंडाशी कालपावतर पाच वाव पानी व्हतं. आज सहा कसं झालं?"

"गाठी मीच परत बांधल्या, अशा," म्हणत मी हात पसरून दाखवले. आबांनी आपले लांबलचक हात माझ्या हातांशेजारी पसरले आणि खो-खो हसत सुटले.

दोरी त्यांनी तशीच ठेवली. पुढे कुणीही विचारलं, "तांडेल, पानी किती वाव?" की आबा आधी विचारायचे, "माझ्या हातानं, का सुनंच्या?"